पुण्याजवळच्या खासगी विद्यापीठातली चार वर्षं : सोलापूरच्या एका आईचा अभिप्राय

लेकीचं बी. टेक. २०२५ मध्ये पूर्ण झालं. कॉम्प्युटर शाखा, पुण्याजवळचं एक खासगी विद्यापीठ, चार वर्षं होस्टेल. तेव्हापासून एप्रिल-मे आला की ओळखीतल्या पालकांचे फोन येतात. "वहिनी, तिथं टाकावं का पोरीला? पैसे लई सांगतात." फोनवर एवढं सगळं सांगून होत नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे. विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुण्याच्या चारी बाजूंना अशी विद्यापीठं आहेत, सोलापूरची मुलं सगळीकडे विखुरली आहेत, आणि त्यांच्या आयांशी बोलल्यावर कळतं की बहुतेक गोष्टी सारख्याच आहेत.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघते. पावती वाचणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे या लिखाणात पावत्या जास्त येतील. शिकले सोलापुरातच, वेलणकर कॉमर्स कॉलेजात. आमच्या वेळी गुणपत्रिकेवर शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर असं छापलेलं असायचं. सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते २००४ साली, एकाच जिल्ह्यासाठी, आणि २०१९ पासून त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे.

आधी एक गोंधळ दूर करते. आपल्याकडे 'प्रायव्हेट' म्हटलं की सगळं एकाच पोत्यात जातं. खासगी शिक्षणसंस्था सोलापूरला नवी नाही. दयानंद, संगमेश्वर, वालचंद ही सगळी ट्रस्टनं आणि देणगीदारांनी उभी केलेली कॉलेजं. वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ पासून आपल्या गावात आहे. पण ही कॉलेजं सरकारी विद्यापीठाशी संलग्न. त्यांची पदवी विद्यापीठाची. अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश सीईटी आणि कॅप राउंडमधून, म्हणजे राज्याच्या सामायिक प्रवेश फेऱ्यांमधून, आणि त्यांची फी मुंबईतलं शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करतं. खासगी विद्यापीठ ही वेगळी गोष्ट. ते विधिमंडळाच्या कायद्यानं स्थापन होतं. अभ्यासक्रम त्याचा, परीक्षा त्याची, पदवीही त्याचीच. त्याला दुसरी कॉलेजं संलग्न करून घेता येत नाहीत. तिसरा प्रकार अभिमत विद्यापीठांचा, उदाहरणार्थ भारती विद्यापीठ किंवा सिंबायोसिस; त्यांना तो दर्जा यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याच्या कलम ३ खाली केंद्र सरकार देतं. महाराष्ट्रात खासगी विद्यापीठांची वाट २०१४ च्या सुमारास उघडली आणि आज देशभरात अशी चारशेहून जास्त विद्यापीठं आहेत. पालकानं पहिला प्रश्न हाच विचारायचा : या तिन्हींपैकी हे नक्की काय आहे? पुढचं सगळं, म्हणजे फी, शिष्यवृत्ती, कर्ज, तक्रार कुठं करायची, याच उत्तरावर ठरतं.

आम्ही तिथं का गेलो, तर लेकीला कॉम्प्युटरच हवं होतं. तिच्या पर्सेंटाइलला कॅपमधून पुण्यातल्या चांगल्या कॉलेजात मेकॅनिकल किंवा सिव्हिल मिळत होतं, कॉम्प्युटर मिळत नव्हतं. सोलापुरात राहायला ती तयार नव्हती, कारण इंटर्नशिप पुण्यात आणि नोकऱ्याही पुण्यात. यांनी आणि मी बसून आकडे मांडले. माझ्या भावानं जामीन राहायची तयारी दाखवली. ठरलं.

आता पैसे. ट्युशन फी पहिल्या वर्षी साडेतीन लाखांच्या आसपास. माहितीपत्रकावर तेवढाच आकडा ठळक असतो. प्रत्यक्षात त्याच्या खाली परीक्षा फी, नोंदणी फी, विद्यार्थी विकास निधी, लॅब, विमा, अनामत अशा ओळी येतात. होस्टेल आणि मेसची पावती वेगळ्याच संस्थेच्या नावानं येते. दरवर्षी ट्युशन फीत थोडी वाढ, ती प्रवेशाच्या वेळच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेली असते. चार वर्षांचा बेरीज-हिशेब वीस लाखांच्या घरात गेला. मी प्रवेशाआधीच ऑफिसात बसून चारही वर्षांचा तक्ता मागितला होता. तो त्यांनी दिला, लेखी दिला, आणि शेवटपर्यंत पाळला, हे त्यांच्या बाजूनं नोंदवते. पण मागितला नसता तर कुणी आपणहून दिला नसता. काउंटरवरच्या मुलाला असा तक्ता कुणी मागितलेलाच आठवत नव्हता.

पावतीबद्दल आणखी एक. आयकराच्या जुन्या पद्धतीत (१९६१ च्या कायद्यात कलम ८०सी) फक्त ट्युशन फी धरली जाते. डेव्हलपमेंट फी, होस्टेल, मेस यातलं काही चालत नाही. पावतीवर सगळा आकडा एकत्र असेल तर वजावट मागताना अडचण येते. वेगळी फोड असलेली पावती मागा. शैक्षणिक कर्जाचं व्याज (त्याच कायद्यात कलम ८०ई) वजा होतं, त्याला कमाल मर्यादा नाही, पण आठ वर्षांपर्यंतच आणि तेही जुन्या पद्धतीतच. साडेसात लाखांपर्यंतचं कर्ज सरकारच्या कर्ज-हमी योजनेत तारणाशिवाय बसतं. त्यावरच्या रकमेला बँक घराची कागदपत्रं मागते, आणि आपल्या भागात अनेकांची घरं आजोबांच्या नावावर असतात. हे सगळं मे महिन्यात नाही, त्याआधी जानेवारीत बघायला हवं.

चांगलं काय मिळालं, ते मनापासून लिहिते, कारण चांगलं खरंच मिळालं.

वेळापत्रक. चार वर्षांत एकदाही परीक्षा पुढे ढकलली गेली नाही आणि निकाल काही आठवड्यांत लागला. ज्यांनी सरकारी विद्यापीठांचे निकाल रखडताना पाहिले आहेत त्यांना याची किंमत कळेल. २०१७ साली मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या, निकाल महिनोन् महिने अडकले आणि शेवटी कुलगुरूंना जावं लागलं. त्या वर्षी किती मुलांचे पुढचे प्रवेश हुकले असतील. हजारो मुलांची शेकडो कॉलेजं एका विद्यापीठानं सांभाळायची, तर तो भार मोठाच. खासगी विद्यापीठात एकच आवार, एकच परीक्षा विभाग. त्याचा फायदा लेकीला थेट झाला : शेवटच्या सत्राची गुणपत्रिका हातात घेऊनच ती कंपनीत रुजू झाली.

अभ्यासक्रम. मशीन लर्निंग, क्लाउड, सायबर सुरक्षा हे विषय तिला तिसऱ्या वर्षी निवडता आले. त्याच्या जोडीला तिनं मानसशास्त्राचा एक पेपरही घेतला, दुसऱ्या विभागात जाऊन. बी. टेक.च्या मुलीनं मानसशास्त्र शिकावं ही गोष्ट आमच्या पिढीला ऐकूनही माहीत नव्हती. मोठ्या सरकारी विद्यापीठात अभ्यासक्रम बदलायचा तर अभ्यास मंडळ, मग विद्या परिषद, मग सगळ्या संलग्न कॉलेजांत तो शिकवणारी माणसं, असा लांब रस्ता. इथं विभागातली माणसं ठरवतात आणि पुढच्या जुलैत तो विषय वर्गात असतो. लॅब चांगल्या होत्या, रात्री उशिरापर्यंत उघड्या असत. ग्रंथालयही. होस्टेल सुरक्षित होतं, आणि मुलीच्या आईला आणखी फार काही लिहायची गरज नाही. मेसचं जेवण सपक. आम्ही कडक भाकरी आणि शेंगा चटणी पाठवत राहिलो, कधी हुतात्मा एक्स्प्रेसनं कुणी जाणाऱ्याच्या हाती, कधी ट्रॅव्हल्सनं. तिच्या खोलीतल्या कोकणातल्या मुलीलाही ती चटणी लागायला लागली.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले, ते म्हणजे शिक्षक.

दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर, म्हणजे संगणकात माहिती कशी रचून ठेवायची, हा विषय. कॉम्प्युटरवाल्यांचा हा पाया, मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावर असतो. सत्र सुरू झालं तेव्हा शिकवायला एक मॅडम होत्या. महिन्याभरात त्या दुसऱ्या कॉलेजात गेल्या. मग एक तरुण सर आले, स्वतः नुकतेच एम. टेक. झालेले. त्यांनी नेटानं शिकवलं, मुलांना ते आवडले, आणि परीक्षेच्या तोंडावर त्यांनीही एका कंपनीत नोकरी धरली. उरलेला भाग तिसऱ्याच विषयाच्या सरांनी स्लाइड दाखवून संपवला. लेक फोनवर म्हणाली, "आई, ट्री हा धडा एकानं शिकवला, ग्राफ दुसऱ्यानं, आणि दोन्ही कुठं वापरायचं ते कुणीच नाही." मग तिनं आणि मैत्रिणींनी यूट्यूबवरून आणि एनपीटीईएलच्या व्याख्यानांवरून तो विषय पुन्हा केला. एनपीटीईएल आयआयटींनी चालवलेलं आणि शिकायला फुकट आहे. साडेतीन लाख भरून मुलगी फुकटच्या व्याख्यानांवर पाया घालत होती, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या तरुण सरांचा मला राग नाही. ते आपल्याच जिल्ह्यातले, मंगळवेढ्याकडचे. लेकीला त्यांनी जाताना सांगितलं होतं की नेमणूक अकरा महिन्यांची आहे, दरवर्षी नव्यानं ऑर्डर निघते, आणि शिकवण्याच्या जोडीला प्रवेशाच्या काळात शाळा-ज्युनिअर कॉलेजांत फिरून मुलं आणायचं कामही असतं. अशा माणसानं कंपनीची नोकरी घेतली तर त्यात त्याचं काय चुकलं? ज्या संस्थेला इमारतीच्या काचा दरवर्षी पुसून घ्यायला पैसे आहेत, तिला शिक्षकाला तीन वर्षांची ऑर्डर द्यायला काय हरकत आहे, हे मला समजत नाही. सरकारी बाजूलाही शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावर माणसं राबतात, हे मी जाणते. पण तिथं फीही त्या मानानं कमी असते. इथं पालक पूर्ण किंमत मोजतो, आणि किंमत मोजलेल्या वस्तूत सगळ्यात महत्त्वाचा धागाच सैल असतो. टॉवेलचा मऊपणा दुकानात हाताला लागतो, पण वीण कशी आहे ते पहिल्या धुण्यानंतर कळतं. विद्यापीठाचंही तसंच, पहिल्या वर्षी सगळं मऊ लागतं.

याच विद्यापीठात तिला एक सर असे मिळाले की त्यांच्यासाठी मी वेगळा परिच्छेद लिहिते. सरकारी अभियांत्रिकी कॉलेजातून निवृत्त झालेले, साठी उलटलेले. थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन शिकवायचे. खडू आणि फळा, बाकी काही नाही. मुलं सांगायची की त्यांच्या तासाला मोबाइल आपोआप खिशात जातो. सत्राच्या शेवटी त्यांनी प्रत्येकाची वही तपासली, पेन्सिलनं शेरे लिहिले. लेकीच्या वहीत एका सिद्धतेपाशी त्यांनी लिहिलं होतं : 'उत्तर बरोबर, पण तू थांबलीस कुठं ते मला दिसत नाही.' ती वही तिनं जपून ठेवली आहे. असे निवृत्त शिक्षक अनेक खासगी विद्यापीठांत आहेत आणि तिथलं खरं शिक्षण बऱ्याच अंशी त्यांच्या खांद्यावर चाललं आहे. ते जी विद्या देतात ती त्यांनी सरकारी संस्थांत तीस-तीस वर्षं मुरवलेली. ही पिढी थकल्यावर काय, याची तयारी मला तरी तिथं दिसली नाही.

म्हणून कॅम्पस बघायला जाल तेव्हा स्विमिंग पूल नंतर बघा. विभागात जा आणि विचारा की दुसऱ्या वर्षाला शिकवणाऱ्यांपैकी किती जण तीन वर्षांहून जुने आहेत. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा की मागच्या सत्रात मध्येच कोण सोडून गेलं. मुलं खरं सांगतात. आणखी एक जागा आहे, फार कमी पालकांना माहीत असलेली. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थेला आपण भरलेली माहिती आपल्या संकेतस्थळावर टाकावी लागते. त्या कागदात वेगवेगळ्या वर्षी किती मुलं वेळेत पास झाली, किती नोकरीला लागली आणि त्यांचा मध्यम पगार किती, हे असतं. काही संस्थांच्या कागदांत शिक्षकांची यादीही असते, रुजू झाल्याच्या तारखेसकट. त्या तारखांवरून एक नजर फिरवा. सगळ्या तारखा एक-दोन वर्षांतल्याच असतील तर काय समजायचं ते समजा.

मध्यम पगार का बघायचा, तेही सांगते. रस्त्यावरच्या फलकावर सगळ्यात मोठं पॅकेज छापलेलं असतं, एका मुलाचं. सगळ्या मुलांना पगाराच्या क्रमानं उभं केलं तर मधोमध जो उभा आहे त्याला काय मिळतं, हे आपल्याला हवं. आपलं मूल बहुधा त्याच्याच आसपास असणार. 'नव्वद टक्के प्लेसमेंट' म्हणतात तेव्हा खाली कोणता आकडा धरला आहे तेही विचारायचं. आमच्याकडे बॅकलॉग असलेली म्हणजे विषय राहिलेली मुलं, पुढं शिकणार म्हणालेली मुलं, प्लेसमेंटची फी न भरलेली मुलं, सगळी आधीच वगळून उरलेल्यांचे टक्के काढले होते. लेकीला साडेचार लाखांची नोकरी मिळाली, पुण्यात, सेवा देणाऱ्या कंपनीत. ती आनंदात आहे, काम शिकते आहे. कंपनीनं घेतलेली परीक्षा मात्र कंपनीची स्वतःची होती. गुणपत्रिकेवरच्या दहापैकी ९.१ कडे कुणी पाहिलंही नाही.

त्या ९.१ बद्दल माझ्या मनात शंका आहे, आणि ती मी लेकीसमोरही बोलले आहे. जो शिकवतो तोच प्रश्नपत्रिका काढतो, तोच तपासतो, आणि मुलांनी दिलेल्या अभिप्रायावर त्याची पुढची ऑर्डर अवलंबून असते. अशा ठिकाणी हात सैल सुटणारच. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांना नऊच्या आसपास गुण असतील तर खरंच हुशार मूल आणि नुसतं हजर राहिलेलं मूल यांत कागदावर फरक उरत नाही. सगळ्यात नुकसान हुशार मुलाचं. स्वायत्तता अभ्यासक्रमासाठी उत्तम. पण तपासणीसाठी बाहेरचे परीक्षक हवेत, निम्मे तरी. आयआयटीतही शिकवणाराच तपासतो, असं लेक म्हणते. खरं आहे, पण तिथल्या शिक्षकाची नोकरी मुलांच्या खुशीवर टांगलेली नसते.

कॉलेज-विद्यापीठांना दर्जा ठरवून देणाऱ्या नॅक या संस्थेच्या श्रेणीबद्दल दोन ओळी. ए प्लस प्लस म्हणजे चारपैकी ३.५१ किंवा वर, आणि अशी श्रेणी ठरावीक वर्षांसाठीच असते, म्हणून फलकावरची श्रेणी कोणत्या साली मिळाली ते बघा. २०२५ च्या फेब्रुवारीत तर नॅकच्या तपासणी समितीतल्या लोकांनाच लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयनं अटक केली. मी या श्रेणीला एक खूण मानते, पुरावा मानत नाही. अभियांत्रिकीसाठी शाखेगणिक एनबीएची, म्हणजे तांत्रिक अभ्यासक्रम तपासणाऱ्या मंडळाची, मान्यता आहे का ते विचारणं जास्त उपयोगी. फार्मसी असेल तर फार्मसी कौन्सिल, कायदा असेल तर बार कौन्सिल, यांची मान्यता विद्यापीठ कितीही मोठं असलं तरी लागतेच. पदवीला अर्थ राहावा म्हणून हे नियम आहेत. छत्तीसगडमध्ये २००२ च्या कायद्याखाली बघता बघता शंभराहून जास्त खासगी विद्यापीठं निघाली होती, काहींकडे धड इमारतही नव्हती. शास्त्रज्ञ प्राध्यापक यशपाल त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये न्यायालयानं ती विद्यापीठं रद्द ठरवली. त्या मुलांचं काय झालं असेल, याचा विचार मी लेकीच्या प्रवेशाच्या वेळी केला होता, म्हणून सांगते : यूजीसीच्या यादीत नाव आहे का ते स्वतः उघडून बघा, एजंटच्या मोबाइलवरचं चित्र बघून पैसे देऊ नका.

आणि आता ती गोष्ट, जिनं मला सगळ्यात जास्त त्रास होतो.

माझ्या नणंदेची मुलगी लेकीच्याच वयाची. तिनं कॅपमधून सोलापुरातच प्रवेश घेतला, इलेक्ट्रॉनिक्सला. पहिल्या वर्षापासून तिला राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीत निम्मी ट्युशन फी माफ. शेवटच्या वर्षी, ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात पूर्ण शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ झालं. तिची फी शून्यावर आली. आमचंही उत्पन्न त्याच मर्यादेतलं, प्रवर्ग तोच. पण खासगी विद्यापीठं आणि खासगी अभिमत विद्यापीठं या निर्णयातून वगळली आहेत. लेकीला एक रुपयाही नाही.

मला माझ्या रुपयांचं दुःख नाही. ते आम्ही जाणून भरले. पण कारखान्यात माझ्यासमोर रोज शिलाई विभागातल्या बायका बसतात. शहराच्या पूर्व भागात घरोघरी विड्या वळून मुली शिकवणाऱ्या आया आहेत. त्यांच्या मुली हुशार आहेत, मी गुणपत्रिका बघते त्यांच्या, फॉर्म भरून देताना. त्यांच्यासाठी खासगी विद्यापीठाचं दार बंदच आहे. उच्च शिक्षणातल्या नव्या जागा जर मोठ्या प्रमाणात तिकडेच तयार होणार असतील, नवे विषय आधी तिकडेच येणार असतील, तर गरीब घरातल्या मुलीला ते विषय कधी मिळणार? शासन म्हणेल की विद्यापीठाची फी आम्ही ठरवत नाही, मग भरू कशी? ते मला पटतं. त्याला वाट आहे : कॉलेजांची फी जशी प्राधिकरण तपासतं तशी विद्यापीठांचीही तपासावी, खर्चाचे ताळेबंद मागावेत, शिक्षकांच्या पगारावर किती गेले ते बघावं, आणि मान्य केलेल्या फीपुरती शिष्यवृत्ती द्यावी. जमीन आणि कायद्याचं संरक्षण समाजाकडून घ्यायचं आणि हिशेब मात्र समाजाला दाखवायचा नाही, हे कुठल्याही कारखान्यात चालत नाही. आमच्याकडे साधा जीएसटीचा आकडा चुकला तर नोटीस येते.

विद्यापीठाची स्वतःची गुणवत्ता शिष्यवृत्ती असते, ती मिळते का, असं विचारतात. मिळते, पण पहिल्या वर्षी. पुढं टिकवायला ठरावीक गुण लागतात. लेकीला पहिल्या वर्षी ट्युशन फीत सूट मिळाली होती, दुसऱ्या वर्षी नियम बदलला आणि सूट गेली. पत्रव्यवहार केला, उत्तर आलं की नियम बदलण्याचा अधिकार संस्थेकडे आहे. त्यामुळे हिशेब करताना ही सूट धरूच नका. केंद्राची शैक्षणिक कर्जाची पीएम-विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली, ती खासगी संस्थांनाही लागू आहे, पण मुख्यतः एनआयआरएफ क्रमवारीवरून निवडलेल्या ठरावीक संस्थांपुरतीच; सुरुवातीच्या यादीत त्या ८६० होत्या. आपलं विद्यापीठ त्या यादीत आहे का, बँकेत जाण्याआधी बघून घ्या.

प्रवेश रद्द करण्याबद्दल खूप जण विचारतात, कारण घोळ तिथंच होतो. ही विद्यापीठं एप्रिल-मे महिन्यात, सीईटीचा निकाल लागायच्याही आधी, जागा धरून ठेवायला पैसे मागतात. "उद्यापर्यंत भरा, नाहीतर जागा जाईल," असा रोज फोन. कॅपच्या फेऱ्या पार ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत चालतात. तोवर पालक दोन्हीकडे अडकलेला. आमच्या गल्लीतल्या एका कुटुंबाला कॅपमधून जागा मिळाल्यावर एका विद्यापीठानं पैसे परत द्यायला नकार दिला, आणि मुलाची मूळ कागदपत्रंही अडकवून ठेवली. दोन्ही बेकायदा. यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार मूळ कागदपत्रं ठेवून घेता येत नाहीत, आणि २०२४-२५ च्या धोरणात तर ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत केला तर जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून बाकी सगळी परत करायची होती. त्या घरासाठी मी अर्ज लिहून दिला, यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर टाकला, अधिसूचनेची प्रत जोडली. पैसे आले. २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी लोकपाल नेमलेला असायला हवा. त्याचं नाव आणि पत्ता प्रवेशाच्या दिवशीच लिहून घ्या, भांडण झाल्यावर शोधत बसू नका. दरवर्षीचं परतीचं धोरण यूजीसीच्या संकेतस्थळावर बघा, कारण तारखा बदलतात.

पाचपैकी गुण द्यायचे तर मी तीन देते. वेळापत्रक, अभ्यासक्रम आणि सुरक्षितता यांचे गुण पूर्ण. शिक्षक टिकवण्याचे आणि फीच्या उघडपणाचे कापले. तरुण सर तीन वर्षं राहिले असते तर मी चार दिले असते.

पुन्हा पाठवाल का, असं यंदा शेजारच्या काकूंनी विचारलं. धाकटा बारावीला आहे, त्याला फार्मसी करायची आहे. त्याला मी सांगितलं आहे की कॅपचा फॉर्म आधी भरायचा, सोलापूर-पंढरपूरकडच्या कॉलेजांची नावं मनापासून घालायची, आणि खासगी विद्यापीठाचा विचार करायचाच तर फार्मसी कौन्सिलची मान्यता, चार वर्षांचा लेखी फी-तक्ता आणि शिक्षकांची यादी, हे तीन कागद त्यानं स्वतः आणून माझ्या टेबलावर ठेवायचे. पहिले दोन त्याला सहज मिळतील. तिसऱ्यासाठी तो लेकीच्या ओळखीच्या एका मुलाला घेऊन विभागात जाऊन बसणार आहे, आणि लेकीनं शनिवारची सुट्टी त्यासाठी काढली आहे.